मुंबई ते जेद्दा

2011 साली आम्ही पतिपत्नी हजला निघालो. विमानातल्या पडद्यावर अंतर दिसत होतं, साधारण साडेतीन हजार किलोमीटर. वेळ पाच तासांच्या आसपास. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे घड्याळापुरता प्रवास अडीच तासांचाच! मी पत्नीला म्हटलं, "हर्णैहून मुंबई गाठायला आपल्याला याहून जास्त वेळ लागला."

बोटीची वाट अशी सरळ नव्हती. अरबी समुद्र ओलांडून एडन, पुढे बाब-एल-मंदेबची चिंचोळी सामुद्रधुनी आणि तिथून तांबड्या समुद्रात वर उत्तरेला. सगळे मिळून चार हजार किलोमीटरांहून जास्त. मोगलांच्या काळात हजची शिडाची जहाजं सुरतेहून सुटत, आणि सगळा कारभार मोसमी वाऱ्याच्या मर्जीवर. 1877 साली मुंबईत एक आगबोट कंपनी निघाली, तीच पुढे 'मोगल लाइन' म्हणून घरोघरी ठाऊक झाली. आगबोट आठवड्या-पंधरवड्यात पोहोचवू लागली. पण कॉलऱ्याच्या धास्तीने 1882 पासून यात्रेकरूंना तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर उतरवून क्वारंटाइनमध्ये ठेवू लागले. बोटीने वाचवलेले दिवस बेटावर गेले. करोनानंतर हा शब्द कुणाला समजावून सांगायला नको.

माझे दादा आणि दादी 1960 साली निघाले. निघण्याआधी दादांनी गावातली देणी फेडली, भावकीतल्या भांडणाची माफी मागितली. सामानात दोघांची कफनं होती. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात मुक्काम केला. हजसाठी रिझर्व्ह बँकेने आदल्याच वर्षी वेगळ्या नोटा काढल्या होत्या, त्या दादांनी दादीच्या बटव्यात ठेवल्या. हिशेब तिचा चोख.

त्या वर्षी हज जूनच्या सुरुवातीला आली. म्हणजे परतीची बोट ऐन पावसाळ्यात, खवळलेल्या समुद्रातून. माझे वडील तेव्हा दहा वर्षांचे. डोंगरीतल्या मामूंबरोबर ते गोदीवर भिजत उभे राहिले. शिडीवरून हाजी उतरत होते, गळ्यात हार पडत होते. दादा उतरले. हातात जमजमचा डबा, खांद्यावर बटवा. वडील त्यांच्या मागे बघत राहिले, शिडी रिकामी होईपर्यंत.

दादी एडनच्या आखातात वारली होती. बोटीवरच जनाज्याची नमाज झाली आणि तिला समुद्राच्या स्वाधीन केलं. तार का केली नाही, असं मामूंनी रागाने विचारलं. दादा म्हणाले, "केली असती तर पोरगा चार दिवस आधीपासून रडला असता."

मोगल लाइन 1986 साली शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. 1995 नंतर हजची बोटच बंद झाली. निरोपाचं ते भलंमोठं प्रकरणही आटोपशीर झालं. मी विमानतळावरून चौघांना फोन करून माफी मागितली. त्यातल्या एकाने उचललाच नाही.

विमानात वाटलं, दादीवरून जाऊ. मग पडद्यावरचा नकाशा नीट पाहिला. विमान ओमानवरून वाळवंटात शिरतं, एडनच्या आखाताकडे फिरकतच नाही. ते राहतं डाव्या हाताला, हजारेक किलोमीटर दूर. मी डावीकडची खिडकी मागून घेतली होती. खाली वाळू दिसत होती.