दरहजारी ६.९

८ जानेवारी १९६० रोजी बंगळूरहून कारभार करणाऱ्या म्हैसूर सरकारने आर. नागन गौडा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मागास कोण, हे तिने ठरवायचे होते. त्याआधी, २६ जुलै १९५८ च्या आदेशाने ब्राह्मण सोडून बाकी सारे समाज मागास ठरवले होते आणि ७५ टक्के जागा राखल्या होत्या. तो आदेश टिकला नाही.

समितीने मे १९६१ मध्ये अंतिम अहवाल दिला. सामाजिक मागासलेपणासाठी तिने जात हा आधार धरला. शैक्षणिक मागासलेपणासाठी हायस्कूलच्या शेवटच्या तीन वर्गांतले विद्यार्थी मोजले. राज्याची सरासरी दर हजार लोकसंख्येमागे ६.९ निघाली. मुसलमान समाज सबंध सामाजिकदृष्ट्या मागास धरावा, असे समितीतल्या बहुमताने ठरवले.

३१ जुलै १९६२ च्या आदेशाने इंजिनिअरिंग व मेडिकलच्या जागांची वाटणी झाली: मागास २८ टक्के, अधिक मागास २२, अनुसूचित जाती १५, जमाती ३. एकूण ६८. एम. आर. बालाजी आणि इतर २२ अर्जदार सर्वोच्च न्यायालयात गेले. दोन महिन्यांच्या आत, २८ सप्टेंबरला, निकाल लागला. तो साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी लिहिला.

निकालाने आकडे एकेक करून तपासले. लिंगायतांची सरासरी ७.१, गाणिगांची ७. हे समाज मागास कसे? सरासरीच्या आसपास असणे पुरेसे नाही, समाज तिच्या बराच खाली हवा, असे न्यायालयाने म्हटले. जात हीच एकमेव कसोटी धरली, तर मुसलमान, ख्रिस्ती, जैन यांना ती लावायची कशी, हाही प्रश्न होता. सामाजिक मागासलेपणाच्या मुळाशी बव्हंशी दारिद्र्य असते. धंदा आणि राहण्याचे ठिकाणही पाहावे, असे सांगत न्यायालयाने आदेश रद्द केला.

सरकारने हे मनावर घेतल्याचे २६ जुलै १९६३ च्या आदेशात दिसते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,२०० रुपयांपर्यंत, आणि व्यवसाय शेती, किरकोळ व्यापार, कनिष्ठ नोकरी, कारागिरी किंवा अंगमेहनत. अशांसाठी ३० टक्के जागा. महिना शंभर रुपयांत घर चालवणाऱ्या ब्राह्मणाच्या, लिंगायताच्या, मुसलमानाच्या मुलाला आता एकच दार होते. जानेवारी १९६४ मध्ये चित्रलेखा खटल्यात न्यायालयाने हा आदेश मान्य केला. जात विचारात घेता येते, पण ती अनिवार्य नाही, असे सांगितले.

हे कागद एकत्र वाचले की एक उणीव ठळक दिसते. १९६१ च्या मोजणीत समाज होता, त्यातले गरीब घर नव्हते. १९६३ च्या मोजणीत गरीब घर आले, पण शाळेपासून लांब राहिलेला समाज निसटला. दोन्ही मोजण्या एकत्र हव्या होत्या. शिवाय सारा वाद कॉलेजच्या जागांचा होता. ६.९ हाच आकडा सांगतो की हायस्कूलच्या शेवटच्या वर्गांपर्यंत पोचणारेच मूठभर होते. सरकारी मदतीची खरी गरज त्याआधीच्या इयत्तांत होती, आणि आजही मदतीचा हिशेब तिथूनच मांडायला हवा.