‘ब्रह्मचारी’ आणि संग्राहक
दोन महायुद्धांच्या दरम्यान प्रभादेवी-परळच्या गिरणवस्तीत आखाडे व व्यायामशाळा यांना मोठी प्रतिष्ठा होती. अशा बलोपासनेतील अतिरेकाची थट्टा मास्टर विनायक दिग्दर्शित ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या बोलपटाने केली. कथा आचार्य अत्रे यांची. तीतील औदुंबर ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकून नटनट्यांची चित्रे फेकून देतो व व्यायामाला लागतो. किशोरी भेटताच व्रत डळमळते. संग्राहक आज शोधतात ती नेमकी अशीच चित्रे, भित्तिपत्रके व गाण्यांच्या पुस्तिका. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली पुण्यात स्थापन झाले. तोवर अनेक बोलपटांच्या ज्वालाग्राही फिती नष्ट होऊन त्यांची साक्ष या कागदांवरच उरली होती. औदुंबराने टाकाऊ मानले, तेच इतिहासाचे साधन ठरले.