सीसीएनए परीक्षेची तयारी : अभ्यास, सराव आणि फी भरण्याआधीची खबरदारी

बारावी, आयटीआय, डिप्लोमा किंवा बीएस्सी झालेल्या मुलांचे वालिदैन नेहमी विचारतात, "सर, नेटवर्किंगचा कोर्स करू का? कोणती परीक्षा द्यावी?" या क्षेत्रात सुरुवातीला जे प्रमाणपत्र सर्वात जास्त ओळखले जाते ते म्हणजे सिस्को कंपनीचे सीसीएनए. त्याची माहिती एका ठिकाणी असावी म्हणून हा लेख.

परीक्षा कशी असते?

परीक्षेचा क्रमांक २००-३०१. हे स्वरूप फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाले आणि ऑगस्ट २०२४ पासून त्याची १.१ ही आवृत्ती लागू झाली. वेळ १२० मिनिटे. पदवीची किंवा दुसऱ्या एखाद्या प्रमाणपत्राची अट नाही. पेपर इंग्रजीत असतो. फी ३०० डॉलर आणि वर कर, म्हणजे रुपयांत पंचवीस हजारांच्या वर. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. पास होण्यासाठी किती गुण लागतात ते सिस्को जाहीर करत नाही. त्यामुळे "इतके टक्के आले की पास" असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

एक गोष्ट आपल्या मुलांना जड जाते. या परीक्षेत मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही. शाळेत आपण शिकवतो, "येत नाही तो प्रश्न सोडा, शेवटी बघा." इथे ते चालत नाही. एकदा पुढे गेलात की तो प्रश्न गेला.

अभ्यासक्रमाची वाटणी

- नेटवर्कची मूलतत्त्वे : २० टक्के
- नेटवर्क अ‍ॅक्सेस (स्विच, व्हीलॅन, वायरलेस) : २० टक्के
- आयपी कनेक्टिव्हिटी (राउटिंग, ओएसपीएफ) : २५ टक्के
- आयपी सेवा (डीएचसीपी, नॅट वगैरे) : १० टक्के
- सुरक्षेची मूलतत्त्वे : १५ टक्के
- ऑटोमेशन : १० टक्के

पहिल्या तीन भागांतच ६५ टक्के आले. म्हणून जोर तिथे द्या, पण बाकीचे सोडू नका.

सबनेटिंग : पाढ्यांसारखे पाठ हवे

सर्वात जास्त मुले इथे अडकतात. एक उदाहरण बघा. पत्ता आहे १९२.१६८.१०.७७/२६. २६ म्हणजे मास्क २५५.२५५.२५५.१९२. आता २५६ मधून १९२ वजा करा, उरले ६४. म्हणजे गट ६४-६४ चे : ०, ६४, १२८, १९२. आपला ७७ हा ६४ आणि १२८ च्या मध्ये येतो. म्हणून नेटवर्क पत्ता ६४, ब्रॉडकास्ट १२७ आणि वापरता येणारे पत्ते ६५ ते १२६, एकूण ६२. रोज अशी दहा गणिते कागदावर करा. एक गणित अर्ध्या-पाऊण मिनिटात सुटू लागले की समजा हात बसला.

सरावाला पैसे लागत नाहीत

सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर नेटवर्किंग अकादमीच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून मोफत मिळते. साध्या लॅपटॉपवरही चालते. सुरुवात अशी करा : एक राउटर, एक स्विच, दोन पीसी. आयपी द्या, पिंग करा. मग दोन व्हीलॅन, ट्रंक, स्थिर राउट, ओएसपीएफ, शेवटी एसीएल आणि नॅट. पिंग लागला नाही तर लगेच व्हिडिओ उघडू नका. 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' ही आज्ञा देऊन आधी स्वतः शोधा. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे राउटरच्या इंटरफेसवर 'नो शटडाउन' द्यायचे विसरणे. चूक स्वतः सापडली की ती जन्मभर लक्षात राहते.

उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलांनी एक वही वेगळी ठेवावी. प्रत्येक इंग्रजी संज्ञेसमोर तिचा अर्थ आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत लिहावा. विषय कठीण नसतो, अनेकदा इंग्रजी वाक्यच कठीण असते. रोज दोन तास दिले तर पाच-सहा महिन्यांत तयारी होते. अर्धा वेळ वाचन आणि अर्धा वेळ सराव, हे प्रमाण मोडू नका.

फी भरण्याआधी

१) नाव तपासा. नोंदणीतले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव तंतोतंत जुळले पाहिजे. आपल्या घरांत एका कागदावर 'मोहम्मद', दुसऱ्यावर 'मोहद', कुठे 'शेख' आधी तर कुठे शेवटी, हे सर्रास असते. केंद्रावरून परत पाठवले तर फीसुद्धा जाऊ शकते. कोणते ओळखपत्र चालते तेही बुकिंग करतानाच वाचा.

२) जागा ठरवा. परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर किंवा घरून देता येते. घरून देताना कॅमेऱ्यासमोर खोलीत दुसरे कोणी येता कामा नये. घर लहान आणि माणसे जास्त असतील तर सरळ केंद्रावर जा.

३) 'डम्प' घेऊ नका. फुटलेल्या प्रश्नांची फाइल विकणारे बरेच भेटतील. पकडले गेल्यास सिस्को प्रमाणपत्र रद्द करू शकते. आणि नाही पकडले तरी मुलाखतीत कोणी एक राउटर समोर ठेवला की सगळे उघडे पडते.

४) "शंभर टक्के नोकरी" असे लिहून देणाऱ्या क्लासला आधी विचारा, मागच्या बॅचची मुले कुठे आहेत? त्यांच्याशी बोलायला मिळेल का?

नापास झाल्यास पाच दिवसांनंतर पुन्हा बसता येते, पण फी पुन्हा पूर्ण लागते. म्हणून घाईने तारीख घेऊ नका. वही न उघडता पूर्ण लॅब जमली आणि नवीन सराव चाचण्यांत सलग चांगले गुण आले, की मगच पैसे भरा. हे प्रमाणपत्र नोकरीची हमी देत नाही, मुलाखतीचे दार उघडते. आत गेल्यावर कामाला येतो तो सराव.