आम्ल न उकळता शुद्ध कसे करतात?

परभणी जिल्ह्यातील पेडगावसारख्या गावात विहिरीच्या पाण्यात शिसे आहे का, हे तपासताना नमुन्यात थोडे नायट्रिक आम्ल घालतात. त्यामुळे धातू बाटलीला चिकटत नाहीत, पाण्यातच विरघळलेले राहतात. पण आम्लातच शिसे असेल तर? पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. इतक्या सूक्ष्म मोजणीत आम्लातले शिसे विहिरीच्या नावावर चढते.

म्हणून आम्ल उत्कलनबिंदूच्या खाली ठेवून त्याचे ऊर्ध्वपातन करतात. उकळताना बुडबुडे फुटतात आणि त्यांतून उडालेले बारीक थेंब धातूंचे क्षार वाफेबरोबर पुढे नेतात. ओले कपडे वाळताना पाणी न उकळताच उडून जाते, तसेच इथे घडते. ६८ टक्के नायट्रिक आम्ल सुमारे १२१ अंश सेल्सियसला उकळते. ते क्वार्ट्झ किंवा टेफ्लॉनच्या भांड्यात त्याहून कमी तापमानाला, बहुधा वरून इन्फ्रारेड दिव्याने, तापवतात. वाफ थंड पृष्ठभागावर जमून थेंब थेंब टेफ्लॉनच्या बाटलीत पडते. बहुतेक धातू मागे राहतात. साध्या काचेतून धातू आम्लात उतरतात, म्हणून काच टाळतात.

ही पद्धत संथ आहे. आम्लाबरोबर वाफ होणारी अशुद्धी तिने पुरती जात नाही. त्यामुळे प्रयोगशाळेत फक्त शुद्ध पाणी आणि तेच आम्ल घेऊन ‘कोरा नमुना’ही मोजतात. त्यात शिसे ठळक दिसले, तर आधी आम्ल बदलतात आणि मगच विहिरीबद्दल निष्कर्ष काढतात.