माणशी वीस रुपये : दारिद्र्याचा हिशेब आणि तो पोहोचवणारे लेखक

प्रस्तावना

सुरुवातीला एक भागाकार करा. देशाचे वार्षिक उत्पन्न ३४ कोटी पौंड आणि लोकसंख्या १७ कोटी. उत्तर येते माणशी दोन पौंड, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने वर्षाला २० रुपये. १८६७ ते १८७० या काळातील ब्रिटिश भारताचे हे गणित दादाभाई नौरोजींनी १८७६ मध्ये मुंबईत वाचलेल्या ‘पॉव्हर्टी ऑफ इंडिया’ या निबंधात मांडले. या एका आकड्याने काय साधले आणि त्यात काय दिसत नव्हते, ते आपण पाहू.

आकडा कसा काढला?

गरिबी तर सगळ्यांना दिसतच होती. पण ब्रिटिश संसदेपुढे मात्र भारताच्या ‘नैतिक व भौतिक प्रगती’चे अहवाल ठेवले जात. दादाभाई पूर्वी एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवत. त्यांनी सरकारचेच कागद उघडले. प्रत्येक प्रांतातील पिकाखालची जमीन, एकरी उत्पादन आणि बाजारभाव यांचा गुणाकार केला, त्यातून बियाणे वजा केले आणि खाणी, मीठ, कारागिरी यांचे उत्पन्न मिळवले.

हे करताना त्यांना सरकारी सरासरीतली एक चूक सापडली. अधिकारी सर्व जिल्ह्यांचे भाव मिळवून जिल्ह्यांच्या संख्येने भागत. कुठे किती धान्य पिकले, याचा विचारच नसे. आपल्या भाषेत सांगायचे, तर भारित सरासरी घ्यायच्या जागी साधी सरासरी घेतली जात होती. माझे विद्यार्थी प्रयोगवहीत आजही हीच चूक करतात!

पुढे दादाभाईंनी तुलना केली ती तुरुंगाशी. अनेक प्रांतांत एका कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकारचा खर्च या २० रुपयांहून अधिक होता. म्हणजे गुन्हा न केलेल्या माणसाच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नव्हते.

एकाचा आकडा, अनेकांची लेखणी

आता सरकारलाही आकड्यानेच उत्तर द्यावे लागले. १८८२ मध्ये अर्थसदस्य बेअरिंग यांनी २७ रुपये सांगितले, तर १९०१ मध्ये कर्झन यांनी ३० रुपये. वाद मिटला नाही, पण दारिद्र्य हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला.

१९०१ मध्येच दादाभाईंचा मोठा ग्रंथ निघाला. त्याच वर्षी विल्यम डिग्बी यांनी उपरोधाने ‘समृद्ध’ ब्रिटिश भारत असे नाव देऊन पुस्तक लिहिले. पाठोपाठ रमेशचंद्र दत्त यांचा आर्थिक इतिहास आला. पण ही सारी पुस्तके इंग्रजीत होती. गावच्या वाचकापर्यंत ती कशी जाणार?

हे काम करणाऱ्यांपैकी एक होते सखाराम गणेश देऊस्कर. देवघर परिसरात वाढलेल्या या मराठी माणसाने १९०४ मध्ये बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिले. स्वदेशी चळवळीत ते हातोहात गेले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. काशीच्या मराठी कुटुंबातले पत्रकार बाबूराव विष्णु पराडकर यांनी ते हिंदीत आणले. एकाच दारिद्र्याची गोष्ट अशी भाषा ओलांडत गेली.

सरासरीत न दिसणारे

पण सरासरी ही सरासरीच. हे २० रुपये सर्वांना सारखे मिळत नाहीत, हे दादाभाईंनीही नोंदवले होते. मग कोणाला किती कमी मिळतात आणि का? महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) हा प्रश्न थेट येतो. सारा आणि कर यांच्याबरोबर सावकार, कचेरीतले भट कामगार आणि शिक्षणाचा अभाव शेतकऱ्याला कसा नागवतो, ते फुले दाखवतात. पैसा देशाबाहेर जातो हे खरे, पण देशाच्या आतही तो कष्टकऱ्याच्या हातून निसटतो.

समारोप

म्हणून दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचा. दारिद्र्याबद्दल नुसती हळहळ सरकारला टाळता येते, पण पडताळून पाहता येईल असा हिशेब टाळता येत नाही. आणि त्या हिशेबातून कोण सुटले, हे विचारणारा कोणी नसेल, तर सर्वांत गरीब माणूस पुन्हा अदृश्यच राहतो.

विचारासाठी प्रश्न

१. दादाभाईंनी तुलनेसाठी तुरुंगच का निवडला असेल?
२. तुमच्या जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न शोधा. त्या सरासरीत कोण दिसत नाही?