दाखल-खारीज रजिस्टर शंभर वर्षांनी उघडेल का?

शाळेच्या कपाटात एक जाडजूड रजिस्टर असते. कोपरे झिजलेले, शाई फिकट झालेली, पण मुख्याध्यापक बदलले की कार्यभाराच्या यादीत त्याचे नाव सर्वांत आधी येते. हे दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजेच जनरल रजिस्टर. मुलाचे नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस आणि कारण, एवढीच माहिती त्यात एका ओळीत असते. पण ही ओळ किती मोलाची असते ते साताऱ्यात दिसते. तेथील आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला १९१४ क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. ती आजही वाचता येते. त्यासाठी कोणाचा परवाना लागत नाही की कोणते यंत्र लागत नाही.

आता ही माहिती संगणकात जाते. मग आम्हाला एक साधा प्रश्न पडतो : आज संगणकात भरलेली नोंद आणखी शंभर वर्षांनी उघडेल का? आणि ती उघडण्याची किल्ली कोणाकडे असेल?

शाळेची मोजणी, मग मुलाची

आपल्याकडे शाळांची माहिती संगणकावर आणण्याचे मोठे काम जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाबरोबर सुरू झाले. १९९४ मध्ये महाराष्ट्रासह ७ राज्यांतील ४२ जिल्ह्यांत हा कार्यक्रम आला आणि त्याच्या गरजेतून 'डाइस' ही माहितीप्रणाली तयार झाली. शाळा कागदी तक्ता भरून देई आणि संगणकावरची भरणी जिल्ह्याच्या ठिकाणी होई. खोल्या किती, शिक्षक किती, पट किती, असे आकडे त्यातून मिळत. २०१२-१३ पासून माध्यमिक शाळाही त्यात आल्या आणि ती 'यू-डाइस' झाली. प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक असतो. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे आहेत आणि महाराष्ट्राचे ते २७ आहेत.

या तक्त्यात पट होता, पण मूल नव्हते. आपल्या राज्यात २०१५ मध्ये 'सरल' प्रणाली आली तेव्हा एकेका विद्यार्थ्याची नोंद संगणकावर होऊ लागली. हा बदल किती महत्त्वाचा आहे हे समजण्यासाठी पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या, दौंड तालुक्यातील कासुर्डीसारखे गाव घ्या. हा भाग उसाचा आणि गुऱ्हाळांचा. हंगामात तोडीसाठी आणि गुऱ्हाळांवर बाहेरची कुटुंबे येतात आणि हंगाम संपला की जातात. मुले अर्थातच बरोबर असतात. पट मोजला तर असे मूल एका वर्षी दोन ठिकाणी मोजले जाते किंवा कुठेच मोजले जात नाही. त्याची नोंद त्याच्याबरोबर प्रवास करू शकली तरच ते शाळेत टिकते. म्हणजे संगणकातली नोंद एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाता आली पाहिजे. अडचण नेमकी येथेच येते.

अक्षरांचे कुलूप

पहिले कुलूप अक्षरांचे होते. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. नव्वदच्या दशकात मराठी टंकांचे प्रत्येक निर्मात्याचे क्रमांक वेगळे होते. एका टंकात 'क' असलेला क्रमांक दुसऱ्यात भलतेच चिन्ह दाखवी. त्यामुळे एका कार्यालयात टंकलेली यादी दुसऱ्या कार्यालयात उघडली की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसे. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये 'इस्की' हे प्रमाण ठरले. पुढे युनिकोडमुळे जगभर एकच क्रमांक आला. त्यात 'क' म्हणजे २३२५ आणि काना म्हणजे २३६६. 'का' लिहिले की हे दोन क्रमांक साठतात, मग यंत्र पुण्यातले असो वा नैरोबीचे.

आज्ञावलीचे कुलूप

दुसरे कुलूप आज्ञावलीचे. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली बहुधा निर्माताच जवळ ठेवतो. निर्माता बंद झाला किंवा वार्षिक शुल्क थकले तर शाळेची माहिती शाळेलाच काढता येत नाही. यावरचा उपाय अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मांडला : आज्ञावली सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता आली पाहिजे. १९८९ मध्ये त्यांनी त्यासाठी कायदेशीर परवानाही तयार केला.

ही कल्पना शाळेच्या कारभाराला लावली ती दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थ यांनी. २००२ मध्ये अंतराळात जाऊन आलेले आणि पुढे 'उबुंटू' प्रणालीमुळे प्रसिद्ध झालेले हे गृहस्थ. त्यांच्या पाठबळाने 'स्कूलटूल' तयार झाले. त्यात विद्यार्थ्यांची नोंद, हजेरी, गुण आणि वेळापत्रक अशी सोय होती आणि ते फुकट होते. आफ्रिकेतील व इतर विकसनशील देशांतील, परवान्याचे पैसे न परवडणाऱ्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून ते रचले होते. त्याचे बरेच काम लिथुएनियातील प्रोग्रामरांनी केले. पण पुढे त्याचा विकास थांबला. आज्ञावली मुक्त असल्याने ती नाहीशी झाली नाही, मात्र ती चालू ठेवायला माणसे हवीत, हेही त्यातून कळले. रजिस्टर टिकते ते कागदामुळे आणि ते जपणाऱ्या मुख्याध्यापकामुळेही.

माणसांची ही बाजू केरळने सांभाळली. 'आयटी@स्कूल' हा प्रकल्प तेथे २००१ मध्ये सुरू झाला. त्यात मुक्त प्रणालींवर भर दिला गेला आणि शिक्षकांनाच प्रशिक्षक म्हणून तयार केले गेले. तेथील शाळांसाठीची 'संपूर्णा' ही कारभार-प्रणाली 'फेडेना' या खुल्या परवान्याखाली दिलेल्या प्रणालीवरून बनवली आहे. दुसऱ्याने केलेले काम घ्यायचे, आपल्या दाखल्याच्या नमुन्याप्रमाणे बदलायचे, पहिल्यापासून सगळे लिहीत बसायचे नाही. मुक्त आज्ञावलीचा खरा लाभ हाच आहे.

नाव न घेता केलेले काम

महाराष्ट्रातही असे काम झाले आहे, फक्त त्याला कोणी हे नाव दिले नाही. २० ऑगस्ट २०१०च्या निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक आणि संकलित गुणांच्या बेरजा आणि श्रेणी करताना शिक्षक मेटाकुटीला आले. तेव्हा कितीतरी शिक्षकांनी एक्सेलमध्ये निकालपत्रके बनवली आणि एकमेकांना वाटली. एकाने सूत्र लिहिले, दुसऱ्याने त्यातली चूक दुरुस्त केली, तिसऱ्याने आपल्या पटाप्रमाणे ओळी वाढवल्या. काहींनी मात्र तक्त्याला परवलीच्या शब्दाचे कुलूप घातले. त्यात चूक निघाली की वापरणारा हतबल होई.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. खुली असावी ती आज्ञावली, मुलांची माहिती नव्हे. जात, जन्मतारीख, आधार क्रमांक यांचे गुप्तपण राखलेच पाहिजे. कुलपाची रचना सर्वांना ठाऊक असली तरी किल्ली शाळेकडेच असते, तसे हे आहे.

तेव्हा कोणतीही प्रणाली शाळेत आली, फुकट असो वा विकत, की तीन प्रश्न विचारावेत. सगळी माहिती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढून घेता येते का? मराठी युनिकोडमध्ये आहे का? बनवणारा नसला तर दुसरा कोणी ती दुरुस्त करू शकेल का?

वर्गात एक प्रयोगही करून पाहता येईल. मुलांकडून दहा काल्पनिक नावांचा तक्ता एक्सेलमध्ये भरून घ्या. तो 'सीएसव्ही युटीएफ-८' प्रकारात साठवा आणि नोटपॅडमध्ये उघडा. रेघा, रंग जातील, पण नावे आणि त्यांच्यामधले स्वल्पविराम राहतील. ती फाइल दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर न्या, उघडेल. मग कपाटातले जुने रजिस्टर मुलांसमोर उघडा आणि दोन्हींत काय सारखे आहे ते त्यांनाच विचारा.