आरमाराच्या खर्चाची तजवीज

आरमार म्हटलं की लोकांना लढाया आठवतात. मला आठवते ती खर्चाची तजवीज. मराठा राज्याचे अमात्य रामचंद्रपंत यांनी 1715च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरच्या ग्रंथातलं आरमाराचं प्रकरण मी त्यासाठीच पुन्हा पुन्हा वाचतो. पाच गुराबा (मोठी लढाऊ जहाजं) आणि पंधरा गलबतं (लहान जहाजं) मिळून आरमाराचा एक सुभा, म्हणजे एक तुकडी, ही त्यांची मांडणी. त्याचा खर्च बंदराच्या उत्पन्नावर टाकू नये, मुलखातले महाल नेमून द्यावेत, असं त्यांनी बजावलं. खर्चाचा भार बंदरावर पडला की सावकाराला, म्हणजे व्यापाऱ्याला, उपद्रव होतो, तो फिरकेनासा होतो आणि बंदर बुडतं.

आरमाराच्या फिरतीचेही नियम त्यांनी घालून दिले: मोसमात आरमार दर्यात फिरतं राहावं, पावसाळ्याआधी ते छावणीला यावं, आणि छावणीचं बंदर दरसाल बदलावं. जहाजांसाठीच्या लाकूडतोडीलाही शिस्त होती: सागवान परवानगीनं तोडावं, पण रयतेच्या आंबे-फणसांना हात लावू नये; एखादं झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तरच ते मालकाला राजी करून आणि मोल देऊन घ्यावं.

खलाशाचा सराव वर्षानुवर्षांच्या फिरतीतून घडतो, आणि ती फिरती चालते वेळेवर पोचलेल्या पैशावर. अमात्यांनी सरावाआधी पैशाचा विचार केला, म्हणून मी त्यांना दर्यावर्दींइतकाच मान देतो.